दारव्ह्याची पांढरी खाण

थ्रेड : शकुंतला रेल्वे, दारव्हा आणि ‘पुनरुज्जीवन’ या शब्दामागचा गैरसमज

दर काही महिन्यांनी एक छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. कपाशीच्या शेतांमधून जाणारी बुटकी, दोन-चार डब्यांची गाडी आणि खाली एक ओळ : ‘ही रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची आहे.’ गाडीचे नाव शकुंतला, मार्ग मूर्तिजापूर ते यवतमाळ. याच मार्गावरचे दारव्हा हे तालुक्याचे गाव त्या छायाचित्रात कधी दिसत नाही.

छायाचित्राखाली जमणाऱ्या प्रतिक्रियांचे दोन तट पडतात. एकाला संताप येतो, की स्वातंत्र्यानंतरही ही गुलामी कशी चालू राहिली. दुसऱ्याला उमाळा येतो, की गाडी पुन्हा सुरू करा, गावे पुन्हा उभी राहतील. दोन्ही तटांना अप्रिय वाटेल असे प्रतिपादन या धाग्यात आहे. शकुंतला आली, तिने नेमून दिलेले काम चोख केले, आणि दारव्ह्याच्या आजच्या ओढग्रस्तीचे मूळ तिच्या बंद पडण्यात शोधण्यापेक्षा त्या कामात शोधणे अधिक योग्य आहे.

आधी मालकीचा प्रश्न निकालात काढलेला बरा, कारण त्यातच चर्चेची निम्मी शक्ती वाया जाते.

किलिक निक्सन या मुंबईतील ब्रिटिश पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर आणि पुलगाव–आर्वी ३५ किलोमीटर असे तीन अरुंद मार्ग तिच्या नावावर होते. रूळ कंपनीचे, गाड्या चालवणार आधी जीआयपी रेल्वे आणि नंतर मध्य रेल्वे, मोबदला कंपनीला. देशातील बहुतेक मार्ग सरकारी झाले तरी हे रूळ कंपनीच्या नावावर राहिले, एवढे खरे. परंतु किलिक निक्सन ही पेढी कालांतराने भारतीय भागधारकांच्या हाती आली. लंडनला अजून खंडणी पोहोचते हे चित्र रोमांचक आहे, इतिहास म्हणून कच्चे आहे. त्याचा खरा तोटा असा, की लुटारू दूर देशी बसलेला आहे अशी समजूत झाली म्हणजे जवळच्यांना हिशेब विचारावा लागत नाही.

आता दारव्ह्याकडे.

यवतमाळ जिल्ह्यात खाण म्हटले की वणी आठवते. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा. दारव्ह्याच्या पोटात कोळसा नाही, चुनखडीसाठीही त्याचे नाव कोणी घेत नाही. तरीही या गावाचे दुखणे समजून घ्यायचे असेल तर ‘खाणगाव’ हीच संज्ञा सर्वांत जवळची ठरते. खाणगाव ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. जमिनीतून निघालेली वस्तू जवळजवळ जशीच्या तशी गावाबाहेर जाते. तिचा भाव गावात ठरत नाही. रेल्वे माणसांसाठी येत नाही, त्या वस्तूसाठी येते. आणि वस्तूवर जे संस्कार होऊन तिची किंमत अनेक पटींनी वाढते, ते सर्व दूर कुठेतरी होतात. या चारही खुणा दारव्ह्याला लागू पडतात. फरक इतकाच, की येथील खनिज पांढरे आहे आणि ते दरवर्षी नव्याने उगवते.

कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणण्याची मराठीत जुनी सवय आहे. सोनेही खाणीतूनच निघते आणि खाणीशेजारच्या वस्तीत ते क्वचितच राहते, हा त्या उपमेतला अर्धा भाग कोणी उच्चारत नाही.

ही खाण उघडली कधी? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. कंपनीच्या कर्जाची आणि फौजेच्या खर्चाची फेड हे त्याचे कारण. काळी कसदार जमीन, कापसाचे जुने पीक आणि मुंबईकडे नेता येईल असा सपाट प्रदेश, या तिन्हींची किंमत इंग्रजांना लवकरच कळणार होती.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. मुंबईत भाव भडकले, आणि वऱ्हाडाकडे पाहण्याची साम्राज्याची दृष्टी कायमची बदलली. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, पण नजर हटली नाही. १८६७ मध्ये जीआयपीचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला होता. एका कापूसबाजारापर्यंतच्या काही मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या फाट्याचे महत्त्व कोणाला होते हे ध्यानात यावे. पुढल्याच वर्षी अमरावतीचा फाटा झाला.

हे फाटे का हवे होते, याचे उत्तर शोधण्यासाठी कोणत्याही राष्ट्रवादी इतिहासकाराकडे जावे लागत नाही. ते सरकारी अधिकाऱ्यानेच लिहून ठेवले आहे.

हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत व वऱ्हाडाचा कॉटन कमिशनर. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने जे मांडले त्याचा आशय असा : कापूस पिकणाऱ्या मुलखात रेल्वेचा फाटा गेला म्हणजे विलायती कापड तेथील देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग आज स्थानिक सुतात खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीसाठी उपलब्ध होईल.

हा आशय पुन्हा एकदा सावकाश वाचण्याजोगा आहे. त्यात एका प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा संपूर्ण आराखडा आहे. रेल्वे येताना कापड आणील, जाताना कापूस नेईल, आणि मधला विणकर शेतात मजूर म्हणून उभा राहील. इंग्रजांनी रेल्वे दिली, म्हणून विकास झाला, असे म्हणणाऱ्यांनी या अधिकाऱ्याशी वाद घालावा. तो स्वतः असा दावा करत नव्हता. जे होणार होते ते त्याने न लपवता सांगितले, आणि कोष्ट्यांच्या वस्त्यांमध्ये पुढे नेमके तेच झाले.

लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडाच्या कापसावर आणि दुष्काळावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. वऱ्हाडाकडे केवळ ‘श्रीमंत कापूसपट्टा’ म्हणून पाहण्याची सवय असलेल्या प्रत्येकाने तो मिळवून वाचावा. ज्वारीची जमीन कपाशीखाली गेली, कुरणे आणि पडीक रान नांगराखाली आले, आणि पाऊस चुकला की धान्य विकत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८९६–९७ आणि १८९९–१९०० हे दोन दुष्काळ अशा मुलखावर कोसळले. दुसऱ्या दुष्काळात वऱ्हाडात सुमारे १,४३,००० माणसे उपासमारीने मेली असा आकडा माइक डेव्हिस यांनी दिला आहे. त्याच काळात प्रांतातून कापसाच्या गाठीच नव्हे, धान्यही बाहेर जात होते. मुख्य लोहमार्ग तेव्हा तीस वर्षांचा जुना झाला होता. म्हणजे रेल्वे होती. ती ज्या दिशेने भरून जायची त्याच दिशेने भरून जात होती.

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकात मुख्य मार्गापासून आत, दारव्हा-यवतमाळच्या मुलखात अरुंद रूळ शिरले. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचे. रुंदीचा हा तपशील किरकोळ वाटतो, पण त्यातच सर्व धोरण सामावलेले आहे. अरुंद मार्ग स्वस्त पडतो, वळणे घेत कपाशीच्या बाजारांना शिवतो आणि मुख्य मार्गाला जाऊन मिळतो. परंतु त्यावरची वाघीण मुख्य मार्गावर धावू शकत नाही. मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवायची आणि पुन्हा चढवायची. दारव्ह्यातून सरळ मुंबईला, कलकत्त्याला किंवा मद्रासला तयार माल पाठवण्यासाठी कोणी असा मार्ग बांधत नाही. तो गोळा करण्याचा मार्ग आहे. ओढ्याने नदीला पाणी द्यावे तसा.

आणि इंजिन? या मार्गावर सत्तर वर्षे राबलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले होते. १९२३ मध्ये ते सेवेत आले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. कापूस मँचेस्टरला, आणि तो ओढून नेणारे यंत्रही मँचेस्टरचे. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर समीक्षकांनी भडक म्हणून नाकारले असते.

दारव्हा काही काळ जंक्शनही होते. येथून पुसदकडे एक फाटा जात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बंद झाला आणि रूळ काढून नेले गेले. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्याच घराण्यातील सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. फाटा परत आला नाही. रेल्वे हा केंद्राचा विषय आहे, हे खरे. तरीही ‘आपला माणूस वर असला म्हणजे सर्व मिळते’ या वैदर्भीय श्रद्धेला हे उदाहरण मुळीच अनुकूल नाही.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायाने मांडले पाहिजे. रेल्वेमुळे काहीच उभे राहिले नाही असे नाही. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडत्यांच्या पेढ्या आल्या, हमालांना हंगामी काम मिळाले. शेजारच्या कारंजाला तर १८८६ मध्ये, म्हणजे अरुंद रूळ पडण्यापूर्वीच, देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ स्थापन झाली. वजनात आणि भावात होणाऱ्या लबाडीला नियमांचा चाप बसवण्याची ती पहिली नोंदलेली धडपड. कारंजा याच शकुंतलेच्या मार्गावर आहे, ही गोष्ट नव्या अभ्यासकांनी विसरू नये.

पण जिनिंग म्हणजे काय, हे नीट पाहावे. बोंडातून वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठ बांधायची. वाहतूक सोपी व्हावी म्हणून जेवढे आवश्यक तेवढेच संस्करण. कोळशाच्या खाणीवर कोळसा धुऊन वेगळा करतात, त्याला कोणी उद्योगनगरी म्हणत नाही.

आकड्यांत पाहिले तर गोष्ट अधिक उघडी पडते. १०० किलो कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. २०२४–२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका गाठीमागे शेतकऱ्याच्या हाती फार तर ३७,६०५ रुपये, तेही हमीभाव खरोखर मिळाला तर. त्या एका गाठीतून दीडशेच्या आसपास जीन्स शिवता येतात. हजार रुपयांना एक धरली तरी दीड लाख. मधल्या फरकात सूत आहे, रंगाई आहे, विणकाम आहे, शिलाई आहे, वाहतूक आहे, दुकानदाराचा नफा आहे. हा सगळाच नफा कोणी दारव्ह्यातून लुटतो असे म्हणणे बालिश ठरेल. त्यात इतरांचे श्रम आणि भांडवल आहे. प्रश्न एवढाच, की त्या श्रमांपैकी आणि भांडवलापैकी शंभर वर्षांत दारव्ह्यात किती आले.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते : कापूस पिकतो तेथे कापड उद्योग वाढतोच असे नाही, तो बाजाराचा नियम आहे. उत्तर अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी दोन उदाहरणे पुरतात.

पहिले नागपूरचे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईच्या धनिकांनी नाके मुरडली होती. टाटांचा हिशेब साधा होता : कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे हाताशी. ज्या लोहमार्गाने कापूस बाहेर जात होता, त्याच लोहमार्गाच्या काठी त्यांनी तो अडवला. पुढे या गिरणीचेही दिवस फिरले आणि ती बंद पडली, पण शंभराहून अधिक वर्षे तिने एका शहराला रोजगार दिला. मार्ग तोच होता, हेतू बदलला होता.

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे, कारण तेथे कापूसही नाही आणि रेल्वेही नाही. इचलकरंजी. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आणि भाजीपाला पिकतो. गावात आजही रेल्वे स्थानक नाही, जवळचे स्थानक हातकणंगले. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला. संस्थानचे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योग करू पाहणाऱ्यांच्या पाठीशी आपली सत्ता उभी केली. त्या एका मागाचे पुढे गावभर खडखडणारे हजारो माग झाले. आज यंत्रमागाचा धंदा तेथेही अडचणीत आहे, हे मान्य. पण शंभर वर्षे विदर्भातला कापूस सूत होऊन अशा गावांत गेला आणि कापड होऊन विदर्भात परत आला, हे कोणत्या बाजाराच्या नियमाने झाले? वऱ्हाडात सत्ता कॉटन कमिशनरची होती, इचलकरंजीत घोरपड्यांची. नियम सत्तेने घडवले.

येथवर दोष इंग्रजांचा. त्यानंतरची पंचाहत्तर वर्षे कोणाची?

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली गेली. राज्यातला कापूस फक्त पणन महासंघाने घ्यायचा, व्यापाऱ्याला मज्जाव. हेतू चांगला होता, अडत्याच्या जाचातून शेतकऱ्याला सोडवण्याचा. तिचा कायदा १९७१ चा. त्याच्या नावात खरेदी आणि पणन यांच्या जोडीला ‘प्रक्रिया’ हा शब्दही होता. प्रत्यक्षात प्रक्रिया गाठीपाशी थांबली. सरकार नावाचा एक मोठा अडत्या तयार झाला, एवढाच फरक. बाहेर भाव चढले की कापूस रातोरात आंध्रच्या हद्दीत जाई, पडले की उलट येई, आणि तोटा तिजोरीवर चढत जाई. दोन हजारच्या दशकाच्या आरंभी खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी झाली आणि योजनेतला एकाधिकार संपला. तीस वर्षे राज्यातला सर्व कापूस कायद्याने एका हाती होता. त्या हाताने दारव्ह्यासारख्या गावात सूत काढायचे ठरवले असते तर अडवणारा मँचेस्टरवाला आता कोणी नव्हता.

सहकारी सूतगिरण्यांचा दाखला यावर दिला जातो. गिरण्या निघाल्या, भागभांडवल सरकारी, संचालक राजकीय, कर्ज मुदतीपलीकडचे. विदर्भातल्या कित्येकींना कुलूप लागले. त्यातून ‘वऱ्हाडात उद्योग टिकत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे वाईट डॉक्टरमुळे रोगी गेला म्हणून वैद्यकशास्त्र रद्द करण्यासारखे आहे. यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा मोठा कारखाना १९९० च्या दशकापासून उभा आहे. दारव्ह्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. हवा तीच, पाणी तेच, माणसे तीच.

मग आले पॅकेज. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. यवतमाळ त्यात होता. कर्जावरील व्याज, सिंचन, बियाणे, जोडधंदा अशी त्यात बरीच कलमे होती. दुःखाची दखल घेतली गेली, हे नाकारता येणार नाही. पण ते खाणीत काम करणाऱ्याच्या प्रकृतीसाठीचे औषध होते. खाण तशीच राहिली.

कच्चा माल विकणाऱ्याची अवस्था किती परस्वाधीन असते, याचा ताजा पुरावा २०२५ च्या ऑगस्टमधला. कापडगिरण्यांना दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले, आणि पुढे ती मुदत वर्षअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नव्या वेचणीचा कापूस बाजारात येण्याच्या नेमक्या दिवसांत. निर्णयाची बाजू घेणारे अर्थशास्त्र असेलही. दारव्ह्यात सूत निघत असते तर या निर्णयाने गावातल्या अर्ध्या लोकांचे नुकसान आणि अर्ध्यांचा फायदा झाला असता. आज फक्त पहिले होते.

खाणगाव पुन्हा कसे उभे राहते, याचे एक उदाहरण शेजारीच आहे आणि त्याकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. वरोरा हे अक्षरशः खाणगाव. एकोणिसाव्या शतकात सरकारी कोळसा खाणीसाठी वर्ध्याहून तेथे रेल्वे गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती खाण बंद पडली. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. आनंदवनाची कीर्ती सेवाकार्य म्हणून आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु अर्थव्यवस्था म्हणून पाहिले तर दिसते ते असे : समाजाने टाकून दिलेल्या माणसांनी तेथे धान्य पिकवले, हातमागावर कापड विणले, लोखंडी सामान घडवले आणि ते विकले. दयेवर जगायचे नाही, वस्तू घडवून जगायचे, हा तेथला दंडक. त्यासाठी खाण परत उघडण्याची वाट कोणी पाहिली नाही. संपूर्ण वरोरा त्याने बदलले असा दावा करणे अतिशयोक्ती होईल. दिशा मात्र त्यातून स्पष्ट दिसते.

आता शकुंतलेच्या उमाळ्याकडे परत यावे लागेल. ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने जाणारी ही गाडी गरिबांची होती. बसच्या तुलनेत अल्प भाड्यात ती शेतमजूर, विद्यार्थी, बाजारकरी यांना नेत असे. ती गेल्याने त्यांचे नुकसान झाले, आणि त्यांच्यासाठी ती हवी असेल तर ती मागणी रास्त आहे. वारसा रेल्वे म्हणून पर्यटकांसाठी ती पुन्हा धावावी, असा आग्रहही समजण्यासारखा आहे. परंतु या मागण्यांना ‘दारव्ह्याचे पुनरुज्जीवन’ म्हणू नये. खाणीची ट्रॉली रंगवून पर्यटकांना फिरवली म्हणजे खाणगाव सावरत नाही.

हे सर्व आजच सांगण्याचे कारण निराळे आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग बांधला जात आहे. त्यातील वर्धा–कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. पुढे तो यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव असा नांदेडला जाईल. म्हणजे महायुद्धाच्या काळात उखडलेला दारव्हा–पुसद दुवा ऐंशीहून अधिक वर्षांनी पुन्हा जोडला जाणार आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क येत आहे. भाषणांमधून ‘आता दारव्ह्याचा कायापालट’ हे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. १८७० मध्ये खामगावातही असेच काही ऐकू आले असणार.

रुंद रूळ हे अरुंद रुळांपेक्षा कापूस अधिक वेगाने बाहेर नेऊ शकतात, एवढे निश्चित. मूर्तिजापूरला गाठ उतरवून चढवण्याचा खोळंबाही उरणार नाही. अमरावतीच्या पार्कला दारव्ह्याची रुई स्वस्तात मिळेल आणि दारव्ह्याचे तरुण तेथे मजुरीला जातील, हाही एक प्रकारचा विकासच. रिव्हेट-कार्नॅकच्या आराखड्यात तो नेमका बसतो.

याला पर्याय अशक्य कोटीतला नाही. नव्या स्थानकाच्या मालधक्क्यालगत गोदामे आणि काटा शेतकऱ्यांच्या कंपन्यांकडे असावा, म्हणजे वेचणीच्या गर्दीत पडेल त्या भावाने विकण्याची सक्ती राहणार नाही आणि गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळेल. सरकी बाहेर पाठवण्याऐवजी तेल आणि ढेप गावातच निघावी. दुभत्या जनावरांसाठी ढेप विकत घेणारा शेतकरी स्वतःचीच सरकी भाडे भरून परत आणतो, हा प्रकार थांबावा. पार्कमध्ये जी सवलतीची वीज, जमीन आणि कर्जे मिळतील, त्यांचा ठरावीक वाटा तालुक्याच्या गावांतील छोट्या सूत, विणकाम आणि शिलाई उद्योगांना मिळावा. घोरपड्यांनी एका जहागिरीत जे केले, ते करायला एका राज्य सरकारला जड जाऊ नये.

यात काही अपयशी ठरेल. छोटी सूतगिरणी मोठीशी किमतीत टिकणार नाही, असे सांगणारे तज्ज्ञ भेटतील, आणि काही बाबतींत ते बरोबर ठरतील. मग सूत सोडून शिलाईपासून सुरुवात करावी. शिलाईयंत्राला ना नदी लागते ना कोट्यवधींचे भांडवल. सोयाबीननेही गेल्या काही दशकांत याच मार्गाने दाण्याच्या रूपात तालुका सोडला आहे. त्याचाही विचार त्याच वेळी व्हावा.

इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी, विशेषतः यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या तरुणांनी, शकुंतलेचे छायाचित्र पुढच्या वेळी पाठवताना त्यासोबत एक प्रश्नही पाठवावा : नव्या मार्गावर दारव्ह्याला मालधक्का कोठे होणार, किती मोठा होणार आणि त्याच्या बाजूची जमीन कोणाच्या नावावर आहे? माहितीच्या अधिकारात हा अर्ज करायला दहा रुपये लागतात. स्थानकांच्या जागा आखल्या की त्यांच्याभोवतीच्या जमिनी फार लवकर हात बदलतात, आणि पुसदच्या दिशेने काम पुढे सरकते आहे.